डावा टक्स

"मावशी, परत तोच टक्स उसवतेस?" भाचीने भिरकावलेलं दप्तर थेट कापडांच्या ढिगावर. "अख्ख्या गल्लीचे ब्लाउज एका ट्रायलमध्ये बसवतेस आणि स्वतःचाच नडला?"

"तोंड कमी चालव. डावीकडे जरा ओढतंय. माझीच शिलाई चुकली असणार."

बोलली आणि मावशीचा हात जागीच थबकला. हेच वाक्य! याच दुकानात, शेजारच्या मशीनवरून ऐकलेलं.

तेव्हा दोन्ही मशिनी धडधडायच्या. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या ओठांत सदैव टाचण्या, तरी बडबड चालूच. गिऱ्हाइकांच्या अशा नकला करायची की हसून हसून मावशीचा दोरा सुईत जायचाच नाही. चिंध्यांवर बसून दोघींचा चहा व्हायचा. शेवटच्या वर्षी मात्र अक्का स्वतःच्या प्रत्येक ब्लाउजचा डावा टक्स उसवत बसायची. "गाठ आहे बारीकशी, पण दुखतेय कुठे? दुखल्यावर बघू." दुखायला लागलं तेव्हा फार उशीर झाला होता. मागे राहिली तिची मशीन आणि जेमतेम चालायला लागलेली ही भवानी.

मावशीने पाठ फिरवून चाचपलं. होतं. वाटाण्याएवढं, टणक.

"काय गं?" भाचीचा आवाज एकदम बारीक झाला.

"काही नाही. दुखत नाहीये."

"आईचंही दुखत नव्हतं, तूच सांगतेस ना?" भाचीने तिच्या हातातला ब्लाउज काढून घेतला. "चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता."

"अगं, गिऱ्हाईक यायचंय—"

"बसेल बाहेर पायरीवर!"

मग तपासण्या झाल्या, सुई टोचून झाली, जीव टांगणीला लागला. "कॅन्सरच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण लहान आहे, पसरलेला नाही. वेळेवर आलात."  बाहेर आल्यावर मावशी रडली, ती अक्कासाठी.

ऑपरेशननंतर डावीकडे ब्लाउज सैल पडायला लागला. हात अजून वर जात नव्हता. भाचीने अक्काच्या मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, पायडलवर पाय ठेवले. पोचत होते की! तिने ब्लाउजला आतून मऊ कापसाचा खिसा शिवला.

"टाके वाकडे पडलेत," ती ओशाळली. "उसवू?"

मावशीने ब्लाउज घातला, आरशासमोर उभी राहिली, एक टाचणी उगाचच ओठांत धरली.

"नको," ती म्हणाली. "बसलाय."