हळदीच्या दोऱ्याची काडी

"मामी, फळ नको. फांदी देता का?"

मित्रांनो, माझा जन्म या एका प्रश्नातून झाला आहे! आज मी चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये, छाती काढून उभं असलेलं अंजिराचं झाड आहे. माझं पान तुमच्या दोन्ही तळव्यांवर मावणार नाही. पण तेव्हा मी वसंतामामींच्या अंगणातल्या थोरल्या झाडाची एक फांदी होते, आणि प्रश्न विचारणारी तनया नववीत होती.

वसंतामामी म्हणजे तंजावरच्या मराठी घरातल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या लागत. या गोलूला आलेल्या प्रत्येक मुलीने गाणं म्हणायचं, मग उसळीचा द्रोण घ्यायचा, असा नियम. पुण्याहून आलेली तनया दोन वर्षं नुसती मान खाली घालून उसळ खाऊन जाई. त्या वर्षी मात्र तिच्या मैत्रिणींनी, शरण्या आणि रंजनीने, तिला कोपऱ्यात गाठलं.

"मामी अंजिराला हात लावू देत नाहीत. हिंमत असेल तर फांदीच मागून दाखव डी!" शरण्या म्हणाली. 'डी' म्हणजे आपलं 'गं'.

"हिच्या तोंडून आवाज तरी निघतो का ते बघू," रंजनी फिसकन हसली.

आणि तनयाने मागितली! अख्ख्या हॉलमध्ये ऐकू जाईल अशी. मामींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वीस वर्षं काड्या वाटल्या मी, मा. एक जगली नाही, आणि मेली म्हणून सांगायलाही कुणी आलं नाही. म्हणून बंद केलं. तुला ही शेवटची. मेली तर तोंड दाखवायचं. सरी?"

"सरी, चालेल," तनया म्हणाली.

मामींनी मला कापलं. पांढरा चीक आला, झोंबलं. पण मी रडले नाही हं. माझ्या एका टोकाला त्यांनी हळद फासली, हळदीत भिजवलेला दोरा बांधला आणि पानसुपारीसोबत मला तनयाच्या ओंजळीत ठेवलं. ती जी पळत सुटली ती थेट त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आपल्या गच्चीत.

पुढचे सतरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी मातीत उलटी उभी होते! डोळे जमिनीत, पाय हवेत. कितीही जोर लावला तरी मूळ फुटेना. तनयाचे बाबा श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीची बस पकडायला पहाटे निघत, ते जाताजाता म्हणत, "तनू, त्या काठीला आता टोमॅटो तरी बांध."

आधीच्या सगळ्यांनी याच टप्प्यावर काडी गुपचूप कचऱ्यात टाकली होती. तनया मात्र जिना उतरली. कुणी पैज लावली नव्हती तरी.

"मामी, तोंड दाखवायला आले आहे."

"दोरा कुठे आहे?" मामींनी पहिला प्रश्न केला.

"वर आहे ना! हळदीचा दोरा चिखलात कसा घालणार? पाप नाही का लागणार?"

मामी इतक्या हसल्या की चष्मा मांडीवर पडला. "अय्यो कण्णा! दोऱ्याचं टोक मातीत जायचं असतं. कुजू नये म्हणून तर हळद!" आणि हसता हसता एकदम थांबल्या. "म्हणजे... त्या सगळ्यांनीही दोरा वरच ठेवला असणार. आणि मी वीस वर्षं त्यांना आळशी म्हणत बसले."

त्याच संध्याकाळी मला सरळ केलं गेलं. नारळाचा ओला भुसा, कापलेली पारदर्शक बाटली, वर पिशवीची टोपी, आणि सावली. तीन आठवड्यांनी बाटलीच्या काचेसारख्या भिंतीवर माझं पहिलं पांढरं मूळ टेकलं. तनयाने "आलं! आलं!" असा आरडाओरडा केला की खालचा इस्त्रीवाला वर बघू लागला. बाबांनी माझा फोटो बसमधल्या सगळ्यांना दाखवला. टोमॅटोचं नावही पुन्हा काढलं नाही.

दुर्लक्षही झालं, खोटं कशाला बोलू? दहावीच्या परीक्षेत तनया मला विसरली. गच्ची तव्यासारखी तापली, माझं पान न् पान गळलं. शेवटचा पेपर देऊन ती गणवेशातच वर आली आणि मला मिठी मारून रडली. पण खोडावर नखाने खरवडलं तर आत हिरवं होतं. मी इतक्यात मरणाऱ्यातली नाही!

मग अकरावीचा डिसेंबर आला आणि वादळ आलं. मामींच्या अंगणात पाच दिवस कमरेएवढं पाणी. थोरलं झाड, माझी आई, आधीच भुंग्यांनी पोखरलेली होती. ती आडवी झाली. पाणी ओसरल्यावर तनयाने एकेक फांदी खरवडून पाहिली. सगळ्या आतून काळ्या. एक काडीही हिरवी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद असताना बहात्तर वर्षांच्या मामी तीन जिने चढून आल्या. माझ्यावर पहिलीच फळं धरली होती, बरोबर नऊ. बाबांनी त्यांची वाटणीही ठरवली होती: तीन बसमधल्यांना, सहा घरात. मामींनी माझ्या खोडावर हात ठेवला.

"तूच उरलीस मा," एवढंच म्हणाल्या. फांदी मागितली नाही. फळं धरलेल्या फांद्या कशा मागायच्या?

तनयाने ते पाहिलं. मीही पाहिलं. काड्या काढायच्या तर फळं जाणार होती. नाही काढल्या आणि मला काही झालं, तर मामींच्या झाडाचा वंशच संपणार होता.

मित्रांनो, तुम्हाला कुणी रोप दिलं आणि ते वाळलं, तर लाजून गप्प बसू नका. देणाऱ्याच्या दारात जा, सांगा, विचारा. मी आज उभी आहे ती नुसत्या पाण्यावर नाही. एक मुलगी जिना उतरून विचारायला गेली म्हणून उभी आहे. आणि तिचा मला अभिमान आहे, अगदी पानापानातून!

आज रविवारी सकाळी आई-बाबा गच्चीवर कॉफी पीत होते. तनया कात्री आणि हळदीची वाटी घेऊन आली.

"आई, बाबा, यंदा अंजीर खायचं नाही. मी पाचही फांद्या कापणार आहे. पहिली काडी मामींची, मग शरण्या, रंजनी, आणि पैजेवर मागतील त्यांची."

"अगं, बसमधल्यांना मी शब्द दिला आहे," बाबा म्हणाले.

"त्यांनाही काडी द्या. आणि ऐका, हळद खालीच लावणार, पण दोरा यापुढे मी वरच्या टोकाला बांधणार आहे!"