आत्याबाई आणि काटाताई

दरीतल्या लोकांनी त्या विमानाला आत्याबाई म्हणायला कधी सुरुवात केली, हे कुणाला आठवत नव्हतं. का केली, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. दिसायच्या आधी आवाज यायचा, येताना प्रत्येकासाठी काही ना काही आणायची, उतरल्या उतरल्या गवताच्या धावपट्टीवरच्या खाचखळग्यांबद्दल कुरकुरायची आणि मुक्कामाला कधी राहायची नाही. एवढे गुण एका ठिकाणी आले की नातं वेगळं शोधावं लागत नाही.

आत्याबाईंचं घराणं मोठं. जिथे रस्ता संपतो तिथे जाईल असं छोटं विमान हवं, असं एका कारखान्याच्या मनात आलं आणि त्यांनी ते आधी पेट्रोलच्या इंजिनांवर बनवलं. ते उडायचं, पण दम्याचा माणूस जिना चढतो तसं. मग कुणा शहाण्याने दोन्ही पंखांवर एकेक टर्बोप्रॉप इंजिन बसवलं. म्हणजे काळीज जेटचं, पण पुढे फिरणारा पंखा तसाच. पुढच्या मॉडेलांत सामानाला जागा व्हावी म्हणून नाक लांबवलं. नाक लांब होऊन कुणाच्या उपयोगी पडल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

दरीत आली तेव्हा ही आत्याबाई काही नवी नव्हती. आधी ती तेल शोधणाऱ्या कंपनीकडे होती. मग नकाशेवाल्या खात्याने तिच्या पोटाला भोक पाडून कॅमेरा बसवला. मग काही वर्षं सैनिक छत्र्या बांधून तिच्या दारातून उड्या मारत होते. दाराच्या कडेला रंगाचा टवका उडाला होता, तिथे पांढऱ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली करडा असे सगळे जुने मालक ओळीने दिसायचे. हेडमास्तर म्हणत, इतकी घरं फिरलेली बाई, पण एकाबद्दलही वाईट बोलली नाही.

दरीत तिने टपाल आणलं, औषधं आणली, दातांच्या डॉक्टरची खुर्ची आणली आणि मतपेट्या नेल्या. एक मुलगा तर तिच्यातच जन्मला. जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहायचं यावर कचेरीत पुष्कळ खल झाला आणि शेवटी ‘वाटेत’ असं लिहून साहेबांनी सही केली.

या सगळ्यांना विमानात बसवण्याआधी काट्यावर उभं करायची, ती काटाताई. छोट्या विमानात कोण किती जड आणि कुठे बसलंय, यावर सगळा तोल. शिवाय धावपट्टी आखूड, म्हणून एकूण वजनालाही मर्यादा. काटाताई काट्याकडे बघायची, मनात बेरीज करायची आणि एवढंच म्हणायची, “तिसरी रांग, खिडकी.” त्यापायी नवरा पुढे आणि बायको मागे असे कित्येक संसार तिने तासाभरापुरते मोडले. पण कुणाचं वजन तिने कधी दुसऱ्याच्या कानावर जाऊ दिलं नाही. दरीत डॉक्टरपेक्षा तिचा मान जास्त होता, तो त्यामुळेच.

स्वतः मात्र ती आत्याबाईत एकदाही बसली नव्हती. फुकटचा पास होता. अट एवढीच की वजनात जागा उरली पाहिजे. जागा उरायची आणि नेमका कुणाला तरी ताप यायचा, नाहीतर कुणाची परीक्षा निघायची. तिच्या शिंपी नवऱ्याच्या आतड्याला पीळ पडला होता, तेव्हासुद्धा तो, नर्सबाई आणि ऑक्सिजनचं नळकांडं एवढ्यातच बेरीज भरली. तिने स्वतःला वगळलं आणि दार बाहेरून लावून घेतलं. नवरा टाके घालून धडधाकट परत आला. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं: एकदा आत बसायचं आणि या बाईचे आभार मानायचे. बाहेरून पत्र्यावर थाप मारून तिने ते कितीदा केलं होतं, पण उंबऱ्याबाहेरून मानलेले आभार तिला खरे वाटत नव्हते.

थोरली जाऊ शहरात लेकीकडे वरचेवर जायची. परतली की ढग वरून कसे दिसतात ते ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, “तुला सांगून काय उपयोग म्हणा.”

मग बातमी आली. नवं, मोठं विमान येणार आणि आत्याबाई शहराच्या संग्रहालयात जाणार. नव्या विमानात माणसं काट्यावर चढवायची नव्हती. संगणक सगळ्यांना सरसकट सारखं वजन देणार होता. हे ऐकून थोरल्या जावेला प्रगतीबद्दल प्रथमच आदर वाटला.

शेवटच्या फेरीची तिकिटं दरीतल्या जुन्या मंडळींनी घेतली. संग्रहालयातला समारंभ बघायचा, मुक्काम करायचा आणि घाटाच्या बसने परतायचं. मागच्या रांगेतली एक सीट रिकामी राहिली. काटाताईने आदल्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्यांसकट बेरीज मांडली, पुन्हा मांडली. सीट होती, पण वजनात जागा नव्हती. ती घरी येऊन भांडी घासायला बसली. नवऱ्याने काय ते ओळखलं. संध्याकाळी दुकानात जो येईल त्याचं माप घेता घेता तो एवढंच बोलत राहिला, “उद्याही हिचं बसायचं राहणारच. वजनात जागा नाही.”

सकाळी हेडमास्तर आले ते हात हलवत. दर वेळी पुस्तकांची पेटी आणणारा माणूस. काट्यावर चढता चढता हळूच म्हणाले, सामान बसने पाठवलंय, कुणाला बोलू नका. मात्र कपडे न्यायलाच हवेत म्हणून त्यांनी तीन सदरे एकावर एक चढवले होते आणि यात वजनाची काय बचत झाली, हे त्यांना विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. मग नर्सबाई आल्या रिकाम्या हाताने, त्यांच्यामागून पोस्टमास्तर. प्रत्येकजण तिच्या कानाशी लागून तेच सांगत होता आणि आपण एकट्यानेच ही शक्कल काढली, अशा चेहऱ्याने बाजूला होत होता. सगळ्यात शेवटी थोरली जाऊ आली. जिची पिशवी उचलायला दोन हमाल लागायचे, तिच्या हातात फक्त रुमाल होता.

“बघतेस काय? सारखी ओझी वाहून खांदा दुखतोय माझा,” जाऊ म्हणाली.

काटाताईने बेरीज केली आणि ती चक्रावली. वजनात जागा झाली होती, पण भलतंच झालं होतं. नाकात टपाल जायचं, प्रवाशांचं सामान शेपटाकडच्या कप्प्यात, आणि तो कप्पा आता ठणठणीत रिकामा होता. आत्याबाईंचं नाक जड झालं होतं. जडशीळ माणसं मागे, हलकीफुलकी पुढे, असं सगळं करून पाहिलं. हेडमास्तरांचे तिन्ही सदरे मागे गेले. तरी तोल जमेना. अशा वेळी मागे वाळूची पोती ठेवायची रीत होती, पण नव्या विमानाला लागणार नाहीत म्हणून ती गेल्याच आठवड्यात धावपट्टीच्या खड्ड्यांत रिकामी झाली होती.

कप्तानने कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं. तो वयाने आत्याबाईंपेक्षा लहान होता आणि त्यांचा मान ठेवून वागायचा.

“ताई, मागच्या सीटवर कुणीतरी बसल्याशिवाय मला उडता येणार नाही,” तो म्हणाला. “मी विनंती करत नाही, नियम सांगतोय.”

“माझं वजन धरलेलं नाही यात.”

“मग धरा.”

ती काट्यावर चढली. आणि तेवढ्यात, कुणी कुणाला खूण न करता, काट्यापाशी जमलेली सगळी मंडळी पाठमोरी झाली. हेडमास्तर डोंगर न्याहाळू लागले. नर्सबाईंना चपलेचा पट्टा आठवला. कप्तानने टोपी डोळ्यांवर ओढली. पोचवायला आलेला शिंपी शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जरी तिची सगळी मापं त्याला तोंडपाठ होती. काटाताईने आकडा पाहिला, बेरजेत धरला आणि कागद पुढे केला. तोल अगदी बरोबर आला होता.

आत जेटच्या तेलाचा आणि जुन्या कापडाचा वास होता. सीट अरुंद होती. तिने पट्टा बांधला, खिडकीशेजारच्या पत्र्यावर तळवा टेकला आणि जे म्हणायचं होतं ते मनातल्या मनात म्हणायला लागली. पण सुरुवात नवऱ्यापासून करावी तर ‘वाटेत’ जन्मलेला तो मुलगा राहत होता, मुलापासून करावी तर दातांची खुर्ची. पंखे फिरायला लागले. तळव्याखाली सगळं अंग थरथरत होतं, आत्याबाईंचं की तिचं, ते कळत नव्हतं.

कप्तानने मान वळवून ओरडून विचारलं, “मागे कसं काय? सगळं ठीक?”

शेजारून थोरली जाऊ ओरडली, “रडतेय ती. वजन कमी व्हायच्या आत उडवा.”