अडथळा क्रमांक सात

“जड गाड्यांचं युग संपलं. यापुढचा इतिहास हलक्या चिलखती ट्रकचा आहे,” असं विठोजींनी सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, एका बुधवारी सकाळी सात वाजता, बनशंकरीतल्या आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. त्यांच्या हातात खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीनं तेल गोठलं होतं, आणि गेली पाच मिनिटं बाटली उलटी धरून, तळव्यावर आपटूनही त्यांना एक थेंब बाहेर काढता आला नव्हता.

“उन्हात ठेवा ती,” सकवारबाई आतून म्हणाल्या. “इतिहास थांबेल तोवर स्वल्प.”

विठोजींचं घराणं बंगळुरात कधी आलं असं कुणी विचारलं, की ते “शहाजीराजांबरोबर” असं सांगत, जणू परवाच सामान उतरवलंय आणि एक गाठोडं सोडायचं राहिलंय. पूर्वज हलक्या घोडदळात होते म्हणे. साडेतीनशे वर्षांत घोडे गेले, दळ गेलं, हलकेपणाचा अभिमान तेवढा घरात राहिला. तो घेऊन विठोजी तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात फोरमन होते. तिथं लॉरीच्या सांगाड्यावर बॉडी चढवत. बहुतेक पावाच्या व्हॅन, अधूनमधून एखादी शाळेची बस. आणि गेल्या दोन वर्षांत, एकच, हलका चिलखती ट्रक.

त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. चालू नाव जयसिंगरावांनी दिलं होतं. जयसिंगराव म्हणजे सकवारबाईंचे थोरले भाऊ, निवृत्त सुभेदार, रोज सकाळी बहिणीकडे कॉफीला हजर. त्यांनी शेडमध्ये ट्रक पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून पोट पाहिलं, आणि विचारलं, “दाजी, ही चिचुंद्री कुणाची?” त्या दिवसापासून कारखान्यात वेल्डरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला चिचुंद्रीच म्हणत. विठोजीसुद्धा म्हणत, फक्त जरा लाडानं.

“आज निकाल तर,” जयसिंगराव कॉफी फुंकत म्हणाले. ते कोट घालून आले होते आणि कोटावर पदकं होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“आज निकाल.”

“दाजी, मी आयुष्यभर फौजेत काढलं. लोखंड कमी असलं की धाडस जास्त लागतं. ते काय तुम्ही वेल्डिंग करून देणार?”

विठोजी याच वाक्याची वाट पाहत होते. “असं बघा, जयसिंगराव. गोळी समोरून सरळ आली तर पत्रा जाड लागतो. पत्रा तिरपा केला की गोळी घसरून जाते, मग पातळ पत्राही पुरतो. पोट होडीसारखं केलंय, खाली सुरुंग फुटला तर दणका दोन बाजूंनी वाटला जातो. टायरच्या आत घट्ट रबराचं कडं आहे, हवा गेली तरी वीस मैल पळेल. वजन निम्मं, म्हणून गावातल्या मोरीवरून जाते. आणि इंजिन साध्या लॉरीचं. पार्ट कलासीपाळ्याच्या बाजारात मिळतो. तुमची मोठी गाडी बिघडली तर पार्ट परदेशातून येईपर्यंत शत्रू चहा पीत बसणार आहे का?”

“चहा नाही, पण हसत बसेल. चिचुंद्रीला बघून.”

“अण्णा, पुरे,” सकवारबाई भावाला म्हणाल्या, आणि वितळलेलं तेल नवऱ्याच्या हातावर ओतलं. बोलण्यात टोमणा असला तरी तेल त्यांनी जरा जास्तच ओतलं. काय पणाला लागलंय ते त्यांना ठाऊक होतं.

ते असं होतं. कारखान्याचा मालक देवव्रत, पुण्याहून आलेला चौतिशीतला इंजिनिअर, वाईट माणूस नव्हता, पण स्पष्ट होता. “विठोजीकाका, सिम्पल आहे,” त्यानं सोमवारी सांगितलं होतं. “आर्मीचं सिलेक्शन झालं तर पन्नास ट्रकची ऑर्डर आहे, आणि तुम्ही रिटायर होत नाही, आय वोन्ट अलाव इट. नाही झालं तर शेड रिकामी करावी लागेल. मार्चमध्ये चिचुंद्री कापू. पत्रा चांगलाय, पावाच्या व्हॅनचे दरवाजे होतील.” विठोजी “सरी”, म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले होते. मग शेडमध्ये जाऊन त्यांनी गॅस कटर कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणली.

शेवटची चाचणी देवनहळ्ळीच्या बाजूला होती. गोळ्यांची परीक्षा आधीच्या आठवड्यात झाली होती, त्यात दोन्ही गाड्या पास होत्या. दोन्ही म्हणजे चिचुंद्री, आणि उत्तरेकडच्या एका मोठ्या कंपनीची ‘महाबली’. महाबली अकरा टनांची होती. तिच्याबरोबर सहा इंजिनिअर आले होते, सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या. चिचुंद्रीबरोबर विठोजी आले होते, आणि कोट घातलेले जयसिंगराव.

नियम साधा होता. तिथल्या किल्ल्यापासून निघायचं, चाळीस किलोमीटर गावागावांतून फिरायचं आणि एका वडाखाली रोवलेलं निशाण गाठायचं. वाटेत सहा अडथळे. मध्ये थांबलात किंवा बाहेरची मदत घेतलीत तर बाद. गाडी लष्कराचा हवालदार चालवणार, शेजारी कारखान्याचा एक माणूस. मागून परीक्षक कर्नलसाहेबांची आणि त्यांच्या मेजरची जीप, तिच्यामागं देवव्रतसारख्या मालकमंडळींची दुसरी. जयसिंगरावांनी कर्नलसाहेबांना असा कडक सलाम ठोकला, की त्यांना जीपमध्ये घेतलं कुणी आणि का, हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

महाबली पहिली सुटली. तिचा आवाज असा होता की देवनहळ्ळीच्या बसस्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. चिखलातून ती गेली, चढ चढली, ओढ्यात उतरून पाणी दोन्हीकडे उडवत बाहेर आली. चिचुंद्रीही हे सगळं करत होती, पण महाबली केल्यावर. चौथ्या अडथळ्याला ती अर्धा मैल मागं होती. सहाव्यालाही तेवढीच. विठोजी जाड काचेच्या फटीतून पुढच्या धुळीकडे पाहत होते आणि त्यांना पावाच्या व्हॅनचे दरवाजे दिसत होते, दोन कड्या, मध्ये कोयंडा.

आता फक्त शेवटचा मैल उरला होता. सरळ डांबरी रस्ता, एक वळण, मग वड.

वळणापलीकडे रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यावर गुडघाभर रागी पसरली होती. रागी म्हणजे आपली नाचणी. पौष महिन्यात त्या भागातले शेतकरी कापलेली रागी कणसांसकट डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या बसेस आणि लॉऱ्या तिच्यावरून जातात, आणि संध्याकाळपर्यंत फुकटात मळणी होते. सरकारनं रस्ता कशासाठी बांधला याबद्दल दोन मतं असू शकतात. तिथल्या शेतकऱ्यांचं एकच आहे.

नकाशावर ही रागी कुणीच दाखवली नव्हती. महाबली पूर्ण वेगात तिच्यात शिरली. पन्नास पावलं छान गेली. मग तिच्या पोटाखालच्या फिरणाऱ्या दांड्यानं काडाची पहिली पेंढी पकडली, तिनं दुसरीला हाक मारली, आणि बघता बघता दांड्याभोवती लोडाएवढी गुंडाळी झाली. महाबली गुरगुरली, खालून धूर आला, आणि अकरा टन पोलाद रस्त्याच्या मधोमध गप्प उभं राहिलं. सहा टोप्या मागच्या गाडीतून उतरून धावत गेल्या आणि खाली वाकून काड उपसू लागल्या.

चिचुंद्रीच्या हवालदारानं पाय सैल केला. “साहब, इसके नीचे क्या है? सुरुंग?”

“नीचे रस्ता है,” विठोजी म्हणाले. “ऊपर लोगों का जेवण है. रुकना नहीं. दुसरा गिअर, और ब्रेक को पाय मत लगाना.”

आता एक गोष्ट सांगायला हवी. चिचुंद्रीचं पोट सगळीकडून बंद होतं, फिरणारं जे काही होतं ते पत्र्याच्या आत. धुराची नळी खाली नव्हती, बाजूनं टपापर्यंत चढवलेली होती. देवव्रतच्या फायलीत याचं कारण ‘सुरुंगापासून संरक्षण’ असं लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. पण आराखडा काढताना विठोजींच्या डोळ्यांपुढं सुरुंग नव्हता, तो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्यापुढं होती होसकोट्याच्या रस्त्यावर रागीच्या काडानं पेटलेली पावाची व्हॅन, आणि आत भाजून पुन्हा भाजलेले चारशे पाव. बंगळुरात गाडी बांधणाऱ्या माणसाला शत्रू कुठं असतो ते माहीत असतं.

चिचुंद्री रागीत शिरली. काड पोटाला घासत, सळसळत मागं गेलं. चिकटलं काही नाही, कारण चिकटायला काही नव्हतंच. पुढं महाबली आडवी आली. तिच्या डाव्या बाजूला खड्डा, उजव्या बाजूला चिंचेचं झाड, आणि महाबली नि चिंच यांच्या मधल्या जागेतून बैलगाडी गेली असती, तीही बैलांनी अंग चोरलं असतं तर.

“नहीं जाएगी,” हवालदार म्हणाला.

“जाएगी. मैंने बनाई है. माप माहीत है मुझे.”

हवालदारानं चाक वळवलं. चिंचेच्या बाजूला चार बोटं, महाबलीच्या बाजूला एकही नाही. महाबलीच्या अंगावरून एक लांब, सरळ, हिरवा ओरखडा गेला, तो चिचुंद्रीच्या रंगाचा होता. पाच मिनिटांनी ती वडाखाली उभी होती, निशाणाला नाक लावून, न थांबता आलेली.

विठोजी खाली उतरले आणि गाडीला टेकून आपण तिची तपासणी करतोय असं दाखवू लागले.

मागून जीप आली. कर्नलसाहेबांनी मेजरकडे कौतुकानं पाहिलं. हा सातवा अडथळा मेजरनं गुपचूप मांडला, असं त्यांना वाटलं. मेजरनंही कर्नलसाहेबांकडे कौतुकानं पाहिलं. तो कर्नलसाहेबांनी मांडला, असं त्याला वाटलं. लष्करात वरिष्ठांना आणि कनिष्ठांना काही विचारायची पद्धत नाही, त्यामुळं दोघांचाही एकमेकांबद्दलचा आदर त्या दिवशी खूप वाढला. कर्नलसाहेबांनी वहीत लिहिलं, ‘अडथळा क्रमांक सात, वनस्पतिजन्य. महाबली बाद. हलका ट्रक उत्तम.’ मग ते चिचुंद्रीपाशी आले, वाकून पोट पाहिलं, सरळ झाले आणि विठोजींचा हात हातात घेऊन म्हणाले, की आपण आज संध्याकाळीच शिफारस पाठवतोय, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी दूरदृष्टी आपण पाहिली नाही.

देवव्रत दुसऱ्या जीपमधून उडी मारून धावत आला. “काका, वी डिड इट. पन्नास ट्रक. तुम्ही कुठं रिटायर होताय आता.” त्याचे डोळे भरले होते. विठोजींनी खिशात हात घातला आणि कपाटाची किल्ली चाचपली. ती आता परत नेऊन दिली तरी चालणार होती.

जयसिंगराव हळूहळू आले. त्यांनी चिचुंद्रीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग टाचा जोडून, पदकं वाजवत तिला सलाम केला. विठोजींना नाही, तिलाच. “दाजी,” ते म्हणाले, “लोखंड कमी आहे खरं. पण जे आहे ते जाग्यावर आहे.” बायकोच्या थोरल्या भावाकडून तीस वर्षांत विठोजींना मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. त्यांनी ते मनात चौकटीत घालून टांगलं.

इतक्यात रागीच्या बाजूनं एक म्हातारी येताना दिसली. मुनियम्मा तिचं नाव, रागी तिची. एका हातात सूप, दुसऱ्या हातानं पदर खोचलेला. ती कर्नलसाहेबांसमोर उभी राहिली आणि कन्नडमध्ये बोलू लागली. कर्नलसाहेबांनी विठोजींकडे पाहिलं.

“त्या हत्तीला माझ्या रागीत कुणी सोडलं?” मुनियम्मा म्हणत होती. “पीठ केलंय त्यानं. डांबरासकट. ते आता त्यालाच खाऊ घाला.”

“ती म्हणते, मोठी गाडी तिला जरा जड वाटली,” विठोजींनी हिंदीत सांगितलं.

कर्नलसाहेबांनी लिहिलं, ‘स्थानिक जनतेचा कल हलक्या वाहनाकडे.’

“आणि ही,” मुनियम्मानं चिचुंद्रीकडे बोट केलं आणि सूप पुढं धरलं. सुपात दाणे होते, लालसर, टपोरे, अख्खे, एकही फुटलेला नाही. “ही बघा. कणीस मोकळं आणि दाणा शाबूत. वजन कसं बेताचं आहे. कुणी बांधली?”

विठोजींनी हे भाषांतरित केलं नाही.  गोळ्या चुकवायला तिरपा केलेला पत्रा, सुरुंगासाठी होडीसारखं पोट, हवा गेली तरी पळणारे टायर, आणि आता या सगळ्यावर मुनियम्माचा शिक्का. कर्नलसाहेब, मेजर, मालक, सुभेदार, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. विठोजींनी छाती जरा पुढं काढली.

“मी बांधली, अक्का,” ते म्हणाले.

“सरी, अण्णा,” मुनियम्मा म्हणाली. “मग खड्ड्याकडची बाजू राहिलीय. तेवढ्या दोन फेऱ्या मारून द्या, स्वल्प हळू.”