कोमट माती

काठ

वरून सुरुवात करायची, हा थोरलीचा नियम. आधी कुठेच माती न घेता थेट डोंगराच्या तोंडापर्यंत चढायचं, तिथे पोचल्यावर पिशवीतले धुतलेले बूट घालायचे, चमचा स्पिरिटने पुसायचा, पहिली माती घ्यायची आणि मग टप्प्याटप्प्याने खाली उतरत यायचं. खालची माती जिवाणूंनी गजबजलेली असते, वरची जवळजवळ ओसाड. ओसाड मातीला गजबजलेल्या मातीचा हात लागू द्यायचा नाही.

ज्वालामुखी झोपलेला आहे. झोपेत श्वास घेतो, तेवढंच. काठाच्या आतल्या अंगाला एका फटीतून वाफ येते, आणि फटीभोवतीची माती कोमट असते, कोणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

तिथे दगडांचं एक लहानसं कडं रचलेलं होतं. शेजारी बसायला सपाट दगड. दगडाआड गंजून जाळी झालेला एक डबा, झाकणावर कुठल्याशा पक्ष्याचा एक पंख तेवढा उरलेला. जवळच जुन्या निरीक्षण केंद्राच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर कधीच उडालेलं. तिथल्याच कोणाचं काहीतरी असेल, असं म्हणून तिने डबा बाजूला सारला आणि काठावरच्या इतर नळ्यांसारखीच कड्यातली मातीही एका नळीत भरली.

तिथल्याच कोणाचं म्हणजे तिच्या बाबांचंही असू शकलं असतं. पण हे तिच्या मनात आलं नाही. वाफेत माणसाला आपलं-परकं कळत नाही. ती उठली, गुडघे झटकले आणि उतरायला लागली, आणि पायाखाली लागली ती

राख,

जी चालताना मागे मागे ओढते. इथे फार कोणी राहत नाही. जे जिवाणू राहतात ते गंधकावर गुजराण करतात, आणि एकमेकांपासून अंतर राखून असतात.

बाबांची नोकरी वरच्या त्या केंद्रात होती. डोंगराच्या श्वासाची नोंद ठेवायची. महिनाभर वर, मग चार दिवस घरी, पुन्हा महिनाभर वर. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी अशाच मोठ्या झाल्या. बाबा म्हणजे दारातले राखेचे बूट. आई म्हणायची, ह्यांचं खरं घर वर आहे, इथे आपले पाहुणे म्हणून येतात, जेवतात, आणि जाताना माझा एखादा डबा घेऊन जातात. तो डबा परत येत नाही.

आता बाबा घरीच असतात. खिडकीजवळच्या पलंगावर. आजारपणाने त्यांच्याकडून आधी नावं नेली, मग गोष्टी, मग बहुतेक सगळे शब्द. राहिली ती एक सवय. ते पांघरुणातून पाय बाहेर काढतात. आई झाकते, ते काढतात. मोजे घातले तर एका पायाने दुसऱ्याचा ओढून टाकतात. आई म्हणते, आयुष्यभर ऐकलं नाही, आता तरी का ऐकतील.

राख संपते तिथे झाडं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. थोरली थांबली. पुढे सगळा

ढग

होता, आणि ढगातलं रान. इथली माती तिची सगळ्यात लाडकी. डोंगराच्या अगदी मध्यावर, ना फार गरम ना फार गार, सतत ओलसर. चमचाभर मातीत इतक्या जातीचे जिवाणू, की लग्नघर वाटावं. कोण कोणाचं कोण, काही पत्ता नाही, पण सगळे जेवून आहेत.

शेवाळ्यावर बसून तिने नळीला चिठ्ठी लावली आणि आदल्या दिवशीचं आईचं बोलणं तिला आठवलं. बोलणं कसलं, निकाल. आई धाकटीकडे जाणार होती, समुद्राकाठच्या शहरात, कायमची. धाकटीच्या घरात एकाच माणसाची सोय होती. बाबांना वृद्धांच्या निवासात ठेवायचं ठरलं होतं. निवासाची गाडी महिनाअखेरीला येणार होती.

थोरलीने खूप समजावून पाहिलं. मी सुट्टी काढते, बाई ठेवू, दोघांना माझ्या खोलीवर नेते. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"मी दमले म्हणून जात नाहीये," ती म्हणाली. "त्यांचं करायला काही नाही गं. पण ज्या माणसाला इतकी वर्षं माझी आठवण आली नाही, त्याने आता मला विसरलं काय आणि न विसरलं काय. दुसऱ्या कोणी केलं तरी त्यांना फरक पडणार नाही. मला पडतो."

ढगात आवाज लांब जात नाही. थोरली उतरत राहिली. रान, मग मळे, मग रस्ता, आणि शेवटची नळी तिने भरली ती आईच्याच अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, जिथे वर्षानुवर्षं साबणाचं पाणी जिरलंय. पायथ्याची माती कुठली तरी घ्यायचीच, तर मग घरची का नको? आणि सगळ्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून ती गेली

प्रयोगशाळेत,

जिची उंची कोणी मोजत नाही.

मातीतल्या जिवाणूंचा डीएनए वाचायला दिवस लागतात. मग पडद्यावर ठिपके येतात, एकेका नळीचा एकेक. ज्या मातींत सारखी वस्ती, त्यांचे ठिपके जवळ जवळ. राख राखेपाशी बसली. ढग ढगापाशी. काठावरच्या बाकीच्या नळ्या दूर कोपऱ्यात एकट्या. आणि काठाच्या कोमट मातीचा ठिपका

अंगणाच्या मांडीवर.

विभागाच्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल झाली, नाहीतर बुटाला चिकटून गेली. थोरलीने सांगितलं, बूट वर जाऊन बदलले होते, आणि अंगणाची माती सगळ्यात शेवटी घेतली, तेव्हा काठाची नळी कधीच बंद होऊन बर्फात होती. शिवाय वर थंडीत खालचे जिवाणू टिकतच नाहीत.

"मग हे टिकले कसे? आणि अंगण काय चालत गेलं का वर?" मॅडम म्हणाल्या. "धापा टाकत?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. थोरलीही हसली. मॅडमनी ती नळी बाद करायला सांगितली, आणि तिने केली. मॅडमचं बरोबरच होतं. ती माती काठाची नव्हती.

पण दुपारी खिडकीपाशी चहा घेताना तिच्या डोळ्यांपुढे अंगण खरंच चालायला लागलं. आधी धुण्याचा दगड उठला. मग दोरीवरचे कपडे. मळ्यांतून, रानातून, ढगातून सगळं हळूहळू वर निघालं, आणि राखेत मागे ओढलं जाऊ नये म्हणून कोणाच्या तरी हातात बसून. कोणाच्या तरी डब्यात. वर पोचल्यावर टिकायला त्याला एकच जागा होती. कोमट.

तिने चहा तसाच ठेवला.

अंगण

आई दोरीवरून कपडे काढत होती. आत बाबांचे पाय पांघरुणाबाहेर, ऊन त्यांच्या घोट्यांपर्यंत आलेलं. दाराशी बांधलेली बोचकी. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

थोरली धुण्याच्या दगडाशेजारी उकिडवी बसली. दगडाला लागून जमिनीत एक खोलगट जागा होती, बशीसारखी. लहानपणापासून ती तिथे होती, आणि त्या जागेवरून आईचं शेजारणीशी भांडण होतं. आई म्हणायची, ही बया कुंड्यांसाठी माझी माती उचलते. शेजारीण शपथा घ्यायची. त्या भांडणात दोघींचं बोलणं बंद पडलं, आणि कुंपणावरून वाटी-चमचा जाणंही.

थोरलीने विचारलं, अजून माती जाते का इथली?

आईने चादरीची घडी घालता घालता सांगितलं की नाही, हल्ली कोणी हात लावत नाही. लाजली असेल मेली.

"कधीपासून?"

"झाली की वर्षं. हे घरी बसले तेव्हापा..."

घडी तशीच हातात राहिली.

मग थोरलीने सगळं सांगितलं. कडं, सपाट दगड, वाफ, ठिपका. डबा गंजलाय, पण झाकणावर पक्षी आहे, एक पंख तेवढा दिसतो. आई ऐकत होती की नव्हती कळेना. तिची नजर धुण्याच्या दगडावर होती. मग म्हणाली की सुट्टीवर आले की हे इथेच येऊन बसायचे. ती कपडे आपटत असायची आणि ते अनवाणी, पाय साबणाच्या चिखलात घालून, काही न बोलता. ती ओरडायची, जरा बाजूला व्हा, पाणी उडतंय. ते व्हायचे नाहीत.

"मला वाटायचं, आळस," आई म्हणाली.

तिने चादर थोरलीच्या हातात दिली. आत गेली, जुनं उलथणं आणि घमेलं घेऊन बाहेर आली. खोलगट जागेपाशी बसली आणि उकरायला लागली. माती काळी होती, मऊ, साबणाचा अजून थोडा वास असलेली. थोरली मदतीला वाकली तर तिने हात झटकला. घमेलं भरल्यावर न्हाणीतलं गरम पाणी थोडं थोडं ओतून मनगटाने पाहिलं, तान्ह्या बाळाचं पाणी पाहावं तसं. पुन्हा थोडं गार घातलं. पुन्हा पाहिलं.

दोघींनी मिळून बाबांना पलंगाच्या कडेला बसवलं. आईने एक पाय घेतला, मग दुसरा.

बाबांनी खाली पाहिलं. त्यांची बोटं मातीत उघडली, एकेक, जशी काही ती इतका वेळ श्वास रोखून होती. ते वाट पाहत होते. मग खिडकीबाहेरच्या दगडाकडे बघून त्यांनी, अगदी थोडं, अंग बाजूला घेतलं.

पाणी उडू नये म्हणून.

आई हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओल्या मातीच्याच हाताने तोंड झाकलं. "आता होताय बाजूला," ती म्हणाली. "आता. आणि डबा तरी परत आणायचा होता."

बाहेर फोन वाजत होता. निवासाचा असणार, उद्याची वेळ ठरवायला. थोरली उठली, दारापर्यंत गेली आणि वळून बघत राहिली.

"सांग त्यांना, माझे हात मातीत आहेत," आई म्हणाली. ती बाबांच्या घोट्यांवर माती ओढत होती. "आणि धाकटीला फोन लाव, मी नंतर बोलते. आणि जाता जाता कुंपणाशी डोकाव. नको, राहू दे, शेजारणीकडे माझी मीच जाईन. कुठल्या तोंडाने जाणार, देव जाणे."

फोन वाजायचा थांबला. खोलीत साबणाचा वास होता. घमेल्यातली माती अजून कोमट होती, आणि तिच्यात असंख्य कोणीतरी, न बघता, न बोलता, ते पाय ओळखत होतं.