दहापर्यंत मोजायचं

"थांब! चावी फिरवू नकोस."

मेव्हण्याचा हात चावीवरच राहिला. काका बसमधून उतरले, पुढे गेले आणि त्यांनी शेजाऱ्याचं दार ठोठावावं तसं तळहातानं बॉनेट तीनदा वाजवलं. मग ते दोन पावलं मागे सरून मोजू लागले, "एक... दोन... तीन..."

मेव्हण्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दाजी, वीस वर्षं ट्रक हाकला मी. पण गाडीला 'आत येऊ का' विचारणारा ड्रायव्हर आजच बघतोय. कोणी 'या' म्हणतं का आतून?"

काकांनी बोटानं त्याला गप्प केलं. दहा झाले. बॉनेटखालून काहीच बाहेर आलं नाही.

"झालं समाधान?"

"झालं. आता कर सुरू."

चार दिवसांनी काका कायमचे घरी जाणार होते आणि शाळेची ही बस मेव्हणा चालवणार होता. कोणत्या वळणावर गाडी घसरते, कोणत्या मुलाला मागे बसवलं की उलटी होते, वाहनतळाचं फाटक कुठे अडकतं, हे सगळं त्यानं दोन दिवसांत उचललं. ही एवढी एक गोष्ट मात्र तो हसण्यावारी नेत होता.

काका या परमुलखात आले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. वाहनतळाच्या मागे एक खोली मिळाली होती. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. भाषा येत नव्हती. पहिले दोन महिने खोलीत पाहुणी म्हणून आली ती फक्त एक कबरी मांजर. काका बशीत दूध ओतत आणि तिच्याशी मराठीत बोलत. "आज उशीर केलास गं," म्हणत. ती काही उत्तर देत नसे, पण पूर्ण ऐकून घेई. तेवढंही त्या गावात दुसरं कोणी करत नव्हतं.

पुढे मुलांशी ओळख झाली. मुलं बुटाला, दप्तराला, नाकाला काय म्हणतात ते शिकवत. काका चुकले की पोट धरून हसत. दुपारी बस शाळेच्या आवारात उभी असे आणि अंगणातली मांजरं उबेला इंजिनात शिरत. म्हणून शाळा सुटली की आधी थाप, मग मोजणी. काका मराठीतच मोजत, त्यामुळे मुलांनाही तेच आकडे आले. सगळं नीट म्हणत, फक्त 'आठ' कोणाला जमत नसे. "आट नाही रे, आठ. जीभ वर लाव, आणि हवा सोड," असं काका तोंड उघडून दाखवत. एकोणीस वर्षांत एकालाही 'ठ' आला नाही आणि काकांनी शिकवणं सोडलं नाही. पहिल्या वर्षीची एक मुलगी आता त्याच शाळेत शिकवत होती. बसजवळून जाताना तीसुद्धा बॉनेटवर थाप मारून जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मुद्दामच मागच्या बाकावर बसले. मेव्हण्यानं जाता जाता बॉनेटला बोट लावलं, एका दमात "एकदोनतीनदहा" म्हटलं आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं. काकांनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली.

मुलांना सोडून ते परत आले तेव्हा काका म्हणाले, "जरा चल माझ्याबरोबर."

वाहनतळाच्या कुंपणाच्या भिंतीला लागून एक सपाट दगड होता. काका त्याच्यापाशी थांबले.

"पहिल्या हिवाळ्यात कबरीला तीन पिल्लं झाली होती. एका सकाळी कडाक्याची थंडी होती. मला उशीर झालेला. मी आलो, बसलो, चावी फिरवली." त्यांनी दगडावरचा पाचोळा पायानं बाजूला केला. "आवाज आला. बारीकसाच."

मेव्हणा दगडाशी उकिडवा बसला.

"त्या पिल्लाला मफलरमध्ये गुंडाळून इथे पुरलं. पण ते नाही रे सांगायचं मला. कबरी चार दिवस बसभोवती हाका मारत फिरली. आणि रोज संध्याकाळी माझ्याच दारात यायची, माझ्याच हातचं दूध प्यायची. पायाला अंग घासायची. तिला ठाऊकच नव्हतं."

मेव्हण्यानं खाकरून विचारलं, "मफलर म्हणजे... ताईनं विणलेला? निळा?"

"हो. गाडीत विसरला म्हणून सांगितलं तिला."

"अहो दाजी, ती अजून बोलते त्याच्यावरून! 'डोळे फुटेस्तोवर विणला आणि या माणसानं महिनाभरात घालवला.'"

"बोलू दे," काका म्हणाले. "तू सांगू नकोस."

"नाही सांगत." मग जरा थांबून, "दहापर्यंतच ना?"

"दहापर्यंत. सावकाश."

काका घरी परतले. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या गाडीचं बॉनेट त्यांनी वाजवलं आणि सगळं घर हसलं. काकूंनी नवा मफलर विणायला घेतला. "हा तरी सांभाळा," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, बोलायला वेळ नाही. शाळा सुटलीय. नुसतं ऐका." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला.

मग तीन थापा, दणदणीत. आणि पाठोपाठ वीस-पंचवीस पोरांचा सूर, "एक... दोन... तीन..." मेव्हण्याचा जाडा आवाज त्यांना धरून ठेवत होता, घाई करू देत नव्हता. "सहा... सात... आट..."

काकांची जीभ आपोआप वर टाळूला लागली.

दहा झाले. इंजिन सुरू झालं नाही. काका फोन कानाशी दाबून उभे राहिले. एकदम पोरांचा गलका उठला, त्यात हसणं होतं, आणि कोणीतरी सगळ्यांना "शू..." म्हणालं. मग मेव्हण्याचा आवाज आला, हळू, पोराशी बोलावं तसा, मराठीत: "ये, ये बाहेर. कोणी काही करत नाही तुला."

बऱ्याच वेळानं चावी फिरली. इंजिन घरघरलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणत होता?" काकूंनी सुयांवरून नजर न उचलता विचारलं.

काका त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. घरंगळलेला लोकरीचा गुंडा उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

"जरा ठेव ते विणकाम," ते म्हणाले. "तुझ्या त्या निळ्या मफलरचं सांगायचंय."