निरुपमाबेनचा बोर्ड

"सेन्सर मेलाय, निरुपमाबेन. नव्या दोनशेच्या दोनशे बोर्डांवरचा," हेरंब म्हणाला, आणि तेही सगळ्यांसमोर.

निरुपमा पेंडसे, म्हणजे साऱ्या कारखान्याच्या निरुपमाबेन. मकरपुऱ्याच्या या कारखान्यात पंपाच्या कंट्रोलरचे बोर्ड सव्वीस वर्षं त्यांच्याच हातून उतरत आले होते. इंजिनियरिंग कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स, बस. आणि हा काल आलेला कारेलीबागेतला सॉफ्टवेअरवाला मुलगा त्यांचा बोर्ड भंगारात काढायला निघालेला. संताप येणार नाही तर काय?

मालक फत्तेसिंहराव हळूच म्हणाले, "बेन, चूक झाली असेल तर असू दे. जुनाच बोर्ड पाठवू. नवा बंद."

चूक झाली असेल तर! सव्वीस वर्षांची अब्रू या चार शब्दांत धुळीला मिळायची होती.

"मला एक सांग हेरंब," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बोर्डावर काय काय बसवलंय ते तुझ्या लिनक्सला कळतं कसं?"

"आपोआप नाही कळत. एक फाइल लिहून द्यावी लागते, डिव्हाइस ट्री. कुठली चिप, कुठल्या तारेवर, कुठल्या पत्त्यावर. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती वाचतो आणि त्याच पत्त्यावर चिप शोधतो."

"म्हणजे तू लिहिशील तेच त्याला खरं. दाखव बघू."

त्यांनी भिंग मागवलं. स्वतः काढलेला नकाशासुद्धा हातात घेतला नाही. नकाशात काय हवं होतं ते असतं, बोर्डावर काय आहे ते दिसतं, हा त्यांचा जुना हेका. हेरंब एकेक ओळ वाचत गेला आणि त्या पेन्सिलीच्या टोकाने चिप शोधत गेल्या.

"तापमानाचा सेन्सर, पत्ता अठ्ठेचाळीस."

पेन्सिल थांबली. "ही फाइल तू नवी लिहिलीस?"

"जुन्या बोर्डाचीच घेतली. सारखाच तर आहे ने."

"सारखा नाहीये. या खेपेला दाब मोजायची चिप आली, जिची ओळ तू अजून लिहिलीच नाहीस. तिचा पत्ता अठ्ठेचाळीस, आणि तो बदलता येत नाही. म्हणून सेन्सरची पत्ता ठरवणारी ही पिन मी ग्राउंडऐवजी सप्लायला जोडली. तो आता एकोणपन्नासवर राहतो. तू जुन्या घराचं दार वाजवतोयस, आणि वर म्हणतोस माणूस मेला."

हेरंबचे कान लाल झाले. त्याने आकडा बदलला, फाइल पुन्हा चढवली, बोर्ड चालू केला. पडद्यावर एकोणतीस अंश उमटले.

"पण आकडा खरा आहे कशावरून?" फत्तेसिंहराव अजून साशंकच.

निरुपमाबेननी त्या तांदळाएवढ्या चिपवर आपलं बोट टेकवलं. तीस. एकतीस. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला आणि तो लपवायची त्यांना मुळीच गरज वाटली नाही.

हेरंबने उठून आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा ना, बेन."

"थांब," त्या बोट न उचलता म्हणाल्या, "बत्तीस होऊ दे."