रडणारं झाड आणि सात आंबे

पावसाळ्याआधीचं ऑक्टोबरचं भर ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि कालोमो नदीच्या कोरड्या काठावरच्या त्या झाडातून टपटप पाणी गळत होतं. खाली वाळके पोकळ भोपळे, बादल्या, टोप्या धरून अख्खं गाव उभं होतं.

"एका रोपाला एक थेंब!" प्रेषित हाचिलेका घसा ताणून ओरडत होता. "वर हापशाचं पाणी घालाल, तर देवाचा अपमान! हे माझं आंब्याचं रोप बघा. महिनाभर घोटभर पाणी नाही, अन् पानं कशी नवरीच्या गालासारखी!"

रोप खरंच टवटवीत होतं. थेंबाचा दर, एक कोंबडी.

गर्दीत चोलवे म्हातारी होती. तिची सात रोपं, त्यांचा पहिलाच उन्हाळा. तिथे आंबा पिकतो जानेवारीत, आणि मक्याची कणगी रिकामी होते तेव्हा नातवंडांच्या पोटाला आंबाच असतो, म्हणून लावलेली. दोन मैलांवरून रोज डोक्यावर बादली. एकोणीस दिवसांपूर्वी सात कोंबड्या देऊन तिने ती बादली पालथी घातली. मान दुखायची थांबली.

"माझ्या रोपांची पानं गळाली," ती म्हणाली.

"पानं नाही, श्रद्धा गळाली असेल, आजी!"

लोक हसले.

शाळेच्या मुतिंताबाईंनी एक डहाळी मोडून वर धरली. "हा फेस बघा. आत किडे आहेत. ते झाडाचा रस पितात आणि पाणी बाहेर टाकतात. भोपळ्यात धरताय ते किड्यांचं मूत आहे."

"मग किडा कोणी घडवला, बाई?" प्रेषित हसला. "देवानेच ना?"

"आमेन!" गर्दी गरजली.

चोलवे मात्र प्रेषिताच्या रोपाशी जाऊन बसली. वरचं गवत सारून उकरू लागली. माती ओली होती. पाचव्या ओंजळीला नख खापराला लागलं. गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, तोंडावर चपटा दगड, आत अर्धं पाणी. मडकं पाझरत होतं, मुळं पीत होती.

"हे कोण भरतं रे, बाबा?"

प्रेषित ओरडला. "सैतानाने पुरलंय!"

काहीजण भोपळे घेऊन मुकाट घरी गेले. त्यांच्या रिकाम्या जागी मागचे पुढे सरकले. कोंबड्या कोणालाच परत मिळाल्या नाहीत.

चोलवे हापशावरून बादली भरून आली. एकेका रोपाची साल तिने नखाने खरवडली. आत हिरवं असलं तर जीव असतो. पहिली सहाही रोपं आतून तपकिरी, कोरडी. सातव्याला तिने नख लावलंच नाही. बादली ओतली. मातीने पाणी गटकन पिऊन टाकलं.

"मेलेल्याला पाणी कशाला, आजी?" कुंपणापलीकडून शेजारीण लुयांदोने विचारलं. तिच्या हातात थेंबाचा भोपळा होता.

"जितं होतं तेव्हा घातलं नाही म्हणून. त्या प्रेषिताचं रोप हिरवं बघून मी कोंबड्या दिल्या, माती उकरली नाही. तुझी रोपं जिवंत आहेत ना अजून? मग तो भोपळा ठेव खाली आणि बादली उचल."

लुयांदोने भोपळ्यात डोकावून पाहिलं. मग तो पदराखाली झाकला.